बर्फावरचा फॉरवर्ड आणि गल्लीपलीकडचे काका

आमचं दुकान आणि काकांचं दुकान समोरासमोर होतं. मध्ये नारायणगावच्या बाजारातली एक गल्ली, आणि तीही एवढी अरुंद की क्रेट भरलेली पिकअप आत शिरली की दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना पाय वर घ्यावे लागत. दोन्ही पाट्यांवर आडनाव एकच. माल एकच: टोमॅटोचे क्रेट, द्राक्षांच्या पेट्या, पेटीत घालायचं कागदी कात्रण, सुतळी. आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

आधी दुकान एकच होतं. काकांना वेगळं व्हायचं होतं. त्यात कुणाला नवल वाटलं नाही, व्यापाऱ्याच्या घरात भाऊ वेगळे होतातच. बिघडलं ते उद्घाटनाच्या दिवशी. काकांनी समोरचा गाळा घेतला, मुहूर्त काढला, पेढे आणले. त्या सकाळी पप्पांनी आमच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत जाऊन बसले. आमच्या बाजारात ऐन दिवसा अर्ध्या शटरचा अर्थ एकच होतो, घरातलं कुणीतरी गेलं. शटर पाहून माणसं थबकली आणि साहजिकच समोरच्या सख्ख्या भावाकडे वळली. "कोण गेलं भाऊ? कसं झालं?" काका पेढ्यांचं ताट हातात धरून एकेकाला सांगत होते की कुणी गेलेलं नाही. काहीजण तर घरी जाऊन पांढरी टोपी घालून परत आले. मुहूर्त टळून गेला. पप्पा नंतर एवढंच म्हणाले, "डोकं दुखत व्हतं. उजेड सहन व्हईना." त्यावर त्यांना पुन्हा कुणी काही विचारलं नाही. काकांनी तर नाहीच.

तेव्हापासून पप्पांनी आपली गादी जराशी फिरवून घेतली. पूर्वी ते गल्लीकडे तोंड करून बसत, आता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आई आणि काकी मात्र आमच्या जैन स्थानकात भेटत, बोलत, एकमेकींना लोणच्याच्या बरण्या देत. भांडण पुरुषांचं होतं आणि ते त्यांनी आपल्यापुरतंच ठेवलं होतं. मी काकांच्या हातची भिंगरी खेळत वाढले होते, मला ते फार लागायचं. पण आमच्या घरात लागलेलं बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

हे असं चालू असताना, नव्वदीचं दशक संपत आलेलं असताना, आमच्याकडे एक फिनलंडचा माणूस राहायला आला.

झालं असं की पप्पांनी चार द्राक्ष बागायतदारांबरोबर जुन्नर रस्त्याला कोल्ड स्टोरेज बांधायला घेतलं. द्राक्ष परदेशी जायचं तर आधी ते गार करावं लागतं, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. मशीन बाहेरून आलं आणि मशीनबरोबर ते बसवणारा माणूसही आला. उंच, लालसर, पिंगट दाढीचा, चाळिशीच्या जवळचा. गावात लॉज होते, पण पप्पांना ते पसंत पडेनात. "आपल्या कामासाठी येवढ्या लांबून आलेलं मानूस, आन लॉजवर?" म्हणून दुकानावरच्या आमच्या माडीवर त्याची सोय झाली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात इंग्रजी म्हणण्यासारखं फक्त मलाच येत होतं. त्याचं इंग्रजीही माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं बरं जमलं. गावानं त्याला पहिल्याच दिवशी "पावणं" म्हणायला सुरुवात केली. त्याला ते आपलं मराठी नाव वाटलं आणि फोनवरही तो तसंच सांगू लागला.

पहिल्या जेवणाला त्यानं आईची झोप उडवली. ताटावर बसला आणि सहजपणे पुढचे तीन-चार दात काढून वाटीशेजारी ठेवले. आई पोळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी विचारलं तेव्हा कळलं की खरे दात खेळताना गेले. तो कारखान्यातून शिकून आलेला इंजिनिअर नव्हता. वयाच्या सतराव्या वर्षापासून तो पैसे घेऊन आइस हॉकी खेळत होता. फॉरवर्ड.

दुसरी अडचण बटाट्याची. आमच्या घरात जमिनीखालचं काही शिजत नाही आणि पावण्याच्या देशात बटाट्याशिवाय दुसरं काही शिजत नसावं. आईनं कच्च्या केळ्यांची सुकी भाजी केली. त्यानं दोनदा मागून घेतली आणि म्हणाला की तुमच्याकडचा बटाटा फार छान आहे. आईनं मला डोळ्यांनी दटावलं, खबरदार सांगशील तर. सूर्यास्ताआधी जेवायचं हे मात्र त्याला पटकन पटलं, पण त्यानं एक शंका काढली. त्याच्या गावी उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही आणि ऐन थंडीत उगवतच नाही. तिथं जैन माणसानं काय करायचं? आईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "उन्हाळ्यात पोटभर खायाचं आन थंडीत अठ्ठाई धरायची." आठ दिवसांचा उपास म्हणजे अठ्ठाई, हे त्याला समजावताना मला घाम फुटला.

संध्याकाळी जेवणं लवकर उरकत, मग उजेड असेपर्यंत तो दुकानात पप्पांजवळ बसे आणि आपल्या खेळाचं सांगे. पप्पांना कुस्ती सोडून कुठल्याच खेळाचं काही नव्हतं, पण धंद्याच्या माणसाला दुसऱ्याच्या धंद्याची रीत ऐकायला आवडते. आइस हॉकीत फॉरवर्ड एकटा नसतो. तिघांची एक फळी असते, मध्ये एक आणि कडेला दोन. फळी मैदानात उतरते, पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावते आणि परत येऊन बाकावर बसते. लगेच दुसरी फळी आत. पप्पा म्हणाले, "म्हंजी आपल्या जीप स्टँडवानी. नंबर आला की भरून निघायचं, परत येऊन रांगेत लागायचं." मी भाषांतर केलं. पावण्याला ते इतकं आवडलं की पुढे आपल्या पाळीला तो "जीप" म्हणायला लागला.

त्याच्या आयुष्याचीही जीपच होती. गोठलेल्या नदीवर, शाळेमागे, शेजारच्या मुलांबरोबर सुरुवात. मग गावचा क्लब. मग दक्षिणेतल्या मोठ्या शहराचा मोठा क्लब. एक मोसम स्वीडन, दोन जर्मनीत. मग पाय मंदावले तशी उतरती लागली, लहान शहरं, लहान क्लब. शेवटच्या गावात तर दिवसा त्यानं स्टेडियमचं बर्फ बनवायचं मशीन चालवलं आणि संध्याकाळी त्याच बर्फावर खेळला. खेळ सुटला, मशीन हातात राहिलं. असा तो आमच्या द्राक्षांपर्यंत आला.

पाकिटात त्याच्या एक फोटो होता. हेल्मेट काढलेले तीन पोरगेले फॉरवर्ड, घामानं केस कपाळाला चिकटलेले. उजवीकडचा आता मासे विकतो, डावीकडचा मी, असं त्यानं सांगितलं. पप्पांनी मधल्यावर बोट ठेवलं. "आन हा?"

"हा सेंटर. आम्ही एकाच गल्लीतले," तो म्हणाला. "त्याचा खेळ मी संपवला." आणि त्यानं फोटो पाकिटात घातला. मी ते भाषांतर करून सांगितलं. पप्पा कॅलेंडरकडे बघत राहिले.

पुढचं त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं, पुष्कळ दिवसांनी. त्याच्या गोलांपैकी निम्मे त्या सेंटरमुळे झालेले. तो न बघता चकती, म्हणजे त्यांच्या खेळातला चेंडू, मागे सरकवायचा आणि हा तिथं असायचाच. मग हा मोठ्या क्लबात गेला, सेंटर गावात राहिला. हा पहिल्यांदा विरुद्ध बाजूनं आपल्या गावच्या मैदानात उतरला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारून याची हेटाळणी केली. ज्या बायांनी लहानपणी पाव दिला होता त्यांनीसुद्धा. याचं डोकं फिरलं. सेंटर कडेच्या फळकुटांजवळ चकती काढत होता आणि यानं सगळं अंग टाकून त्याला धडक दिली. धक्का नियमात बसणारा होता. पंचांनी शिट्टीही वाजवली नाही. पण गुडघा गेला तो गेलाच. सेंटर पुन्हा खेळला नाही. संघाची बस त्याच संध्याकाळी निघाली, हा दवाखान्यात गेला नाही. मग मोसम होता. मग लाज होती. मग एवढा उशीर झाला की आता काय जायचं. सेंटर त्याच गावात, त्याच आईबापांच्या घरात राहतो. हा दर उन्हाळ्यात आईला भेटायला जातो आणि ते घर टाळून लांबच्या रस्त्यानं जातो.

"तो चिडून भांडला असता तर सोपं होतं," तो मला म्हणाला. "तो काहीच बोलला नाही." मला वाटलं, आमच्या गल्लीतली सगळी हवा अशीच आहे. पण ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला सांगायची गरजही नव्हती. दोन पाट्यांवरचं एकच आडनाव त्यानं केव्हाच वाचलं होतं आणि "भाऊ?" एवढं मला विचारूनही घेतलं होतं.

तो उदास माणूस होता असं मात्र कुणी समजू नये. मशीनची पहिली चाचणी झाली तेव्हा त्यानं लहान खोलीत फरशीवर बादल्यांनी पाणी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला बोलावलं. फरशी बर्फाची झाली होती. आमचा ऑपरेटर येडगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याला पावण्यानं दोन रिकामे क्रेट मांडून त्यांच्यामध्ये उभं केलं. एक वाकडं बांबूचं दांडकं घेतलं, बूट पॉलिशची डबी जमिनीवर टाकली आणि साध्या रबरी बुटांवर असा घसरत गेला की आम्ही भिंतीला चिकटलो. वजनदार माणूस, पण पाय कुठं टेकतात तेच दिसेना. डबी कधी निघाली आणि ऑपरेटरच्या नडगीला कधी लागली हेही कळलं नाही. ऑपरेटर एका पायावर नाचत म्हणाला, "पावणं, आमच्या धरनात पानी लई हाय, पन बर्फ न्हाई. न्हाईतर सगळ्या यडगावला खेळाया लावलं असतं तुमी." स्वेटर घालून आलेले पप्पा मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग पर्युषण आलं. आठ दिवस घरात हिरवी भाजी बंद, आईचा उपास, संध्याकाळी स्थानकात प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभराच्या चुकांची कबुली. पावणं बिचारा डाळ-भातावर राहिला. तो अधूनमधून ऑपरेटरच्या घरी "मशीनचं बोलायला" जातो आणि येताना त्याच्या दाढीला रश्शाचा वास येतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

शेवटचा दिवस संवत्सरीचा. दुसऱ्या दिवशी आमच्यात खमतखामणा करतात. लहानमोठा, नोकर-मालक, ओळखीचा-अनोळखी, ज्याला भेटाल त्याला हात जोडून म्हणायचं की वर्षभरात कळत-नकळत आमच्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा. बाहेरगावच्यांना छापील कार्ड जातं. आणि आमच्या पप्पांची एक खास रीत होती. ते काकांनाही कार्ड पाठवत. तिकीट लावून, पत्ता लिहून, पोस्टाच्या पेटीत टाकून. ते कार्ड पोस्टात जाई, शिक्का खाई आणि दोन दिवसांनी पोस्टमन ते समोरच्या दुकानात देई. तसंच त्यांचं आमच्याकडे येई. पोस्टमन एकाच फेरीत गल्लीच्या इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करून जाई. गावाला त्यात काही वावगं वाटत नसे, रीत तर पाळली जात होती.

त्या रविवारी सकाळी पप्पा मला घेऊन कोल्ड स्टोरेजला गेले. पावणं कॉम्प्रेसरजवळ होता. पप्पांनी त्याच्यासमोर हात जोडले, पार कमरेत वाकले आणि गंभीर आवाजात सगळं म्हणाले. मीही घाईत शब्दाला शब्द लावून सांगितलं, "आमच्याकडून काही चुकलं असेल तर आम्हाला क्षमा करा."

पावण्याचा चेहरा उतरला. "काय केलंत तुम्ही?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई," पप्पा म्हणाले.

"मग क्षमा कशाची?"

"कळत-नकळत जे झालं असंल त्याची." पप्पांनी पुन्हा हात जोडले आणि घाई असल्यानं ऑपरेटरला, वॉचमनला खमवून आम्ही निघालो. वाटेत अजून बरीच माणसं खमवायची होती.

त्याच्या देशात मालक असा सकाळी येऊन वाकत नाही. वाकलाच तर काहीतरी मोठं मोडलेलं असतं. पावण्यानं ऑपरेटरला धरलं. ऑपरेटरला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्यावर आळ येतोय एवढं कळलं. त्यानं वॉचमनकडे बोट दाखवलं. पावण्यानं गंधकाची वात पेटवली आणि अमोनिया कुठं गळतोय का म्हणून एकेक सांधा, एकेक व्हॉल्व्ह तपासत दुपार केली. सगळी वायरिंग बघितली. पॅनेलच्या फटी बघितल्या. दुपारी तो आमच्या दुकानात आला तेव्हा कपाळापर्यंत ग्रीस होतं.

"मला काही सापडलं नाही," तो मला म्हणाला. "आता खरं सांग. तुझ्या वडिलांनी काय बिघडवलंय?"

मला हसू आवरेना. पप्पांना सांगितलं तर तेही हसले आणि चहा मागवला. मग मी त्याला नीट समजावलं की हे आम्ही दरवर्षी, सगळ्यांना म्हणतो.

त्यानं विचारलं, "म्हणजे ज्यांचं तुम्ही काही केलेलं नाही त्यांना?"

"हो. नकळत झालं असेल तर."

"आणि ज्यांचं खरंच केलंय त्यांना?"

मी पप्पांकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, "त्यांना कार्ड पाठवतो."

"काय इचारतोय?" पप्पांनी विचारलं. मी सांगितलं. दोघांचं बोलणं मी नेहमी जसंच्या तसं सांगत आले होते, त्या वेळी गाळावंसं वाटलं, पण नाही गाळलं. पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कॅलेंडरकडे बघू लागले. समोर काका कात्रणाचं पोतं शिवत होते.

पावण्यानं चहा संपवला, हात धुतले, ग्रीस निघेना म्हणून पुन्हा धुतले. मग मला म्हणाला, "त्याच्या घरचा नंबर मला लहानपणापासून पाठ आहे. रविवार आहे, तो घरी असेल. तू सोबत ये. एकटा गेलो तर बूथच्या काचेपर्यंत जाऊन परत येईन."

आता बाजारात परदेशी फोन लागणारं पिवळ्या पाटीचं बूथ एकच होतं, आणि ते काकांच्या दुकानात होतं. पावणं कंपनीला फोन करायला तिथं जायचा, त्याचं काही नव्हतं. पण उद्घाटनाच्या त्या दिवसानंतर आमच्या घरातल्या कुणी ती गल्ली ओलांडलेली नव्हती. मी पप्पांकडे बघितलं.

"पावन्याला सोबत लागती," ते भिंतीला म्हणाले. "जा."

मी गेले. काकांनी मान वर केली. मला बघून त्यांची सुई हातातच राहिली. केस पांढरे झाले होते त्यांचे, आमच्या दुकानातून ते कधी जाणवलं नव्हतं. "कुनाला लावायचाय?" त्यांनी विचारलं, जणू मी रोज येते.

"त्यांच्या एका मित्राला," मी म्हणाले. "खमवायचंय."

काकांनी सुई पोत्यात खोचली. पावण्यानं लिहून दिलेला नंबर त्यांनी स्वतः फिरवला, लागेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवला आणि घंटी वाजू लागल्यावर रिसीव्हर त्याच्या हातात देऊन बूथचं दार लावलं. आम्ही दोघं काचेबाहेर उभे राहिलो. पावणं काहीतरी चार शब्द बोलला. थांबला. मग बोलायला लागला, खाली बघत, हळूहळू, मोकळ्या हाताच्या नखानं ग्रीस खरवडत. मग गप्प झाला. आणि गप्पच राहिला. रिसीव्हर कानाला, ओठ मिटलेले.

"बोलत का न्हाई ह्यो?" काका कुजबुजले. "लाइन कटली का काय?"

"नाही. समोरचा गप्प आहे."

काकांनी मग त्याच्यावरची नजर काढली नाही. एवढा वेळ परदेशी लाइन धरून दोन माणसं एकमेकांचं न बोलणं ऐकत होती. मला भीती वाटत होती की पलीकडचा ठेवून देईल. मी मनात नवकार मंत्र म्हणायला लागले होते. मग पावण्यानं मान हलवली, एक लहानसं वाक्य बोलला, ऐकलं, अजून एक बोलला आणि रिसीव्हर ठेवला. बाहेर आला तो डोळे पुसत नव्हता, पण पुसल्यासारखे लाल होते.

"काय म्हनला त्याचा मित्र?" काकांनी मला विचारलं. मी त्याला विचारलं.

"मी सगळं बोललो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, तिकडं हवा कशी आहे. मी म्हटलं, पाऊस आहे. तो म्हणाला, इथं नदीवर अजून बर्फ धरला नाही."

"एवढंच?"

"एवढंच," तो म्हणाला. "त्यानं फोन ठेवला नाही."

मी काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. परत आल्यावर पप्पांनी विचारलं, त्यांनाही सगळं सांगितलं, हवेच्या प्रश्नासकट. "काकानं काय इचारलं?" असं ते नजरेनं विचारत होते, पण तोंडानं नाही. मी म्हणाले, "काकांनीच नंबर लावून दिला. तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत." ते "हं" म्हणाले.

पावणं द्राक्षांचा पहिला हंगाम मार्गी लागेपर्यंत राहिला. पहिल्या पेट्या गार होऊन ट्रकमध्ये चढल्या तेव्हा त्याचा फेटा बांधून सत्कार झाला. पुढच्या वर्षी त्याचा एक फोटो आला. गोठलेल्या नदीच्या काठावर एका बाकावर दोन पोक्त माणसं, बुटांच्या नाड्या बांधणारी. एकाचा गुडघा सरळच होता, वाकत नसावा. आईनं तो फोटो फ्रिजवर लावला आणि मग एकदा त्याला खरं कळवून टाक म्हणाली, ते केळं होतं.

पण आधी टपालाचं सांगायला हवं. त्या फोननंतर दोनच दिवसांनी, बारीक पाऊस होता, पोस्टमन गल्लीत शिरला. दरवर्षीप्रमाणं आधी आमच्याकडे आला, गठ्ठा दिला, त्यात काकांचं कार्ड होतं. मग काकांचा गठ्ठा हातात घेऊन तो वळला. सगळ्यात वर पप्पांच्या अक्षरातला पत्ता होता. पप्पा गादीवरून उठले.

"द्या हिकडं," ते म्हणाले. "मीच देतो."

पोस्टमन जुना माणूस. त्यानं गठ्ठा छातीशी धरला. "भाऊ, ते टपाल हाय आता. तिकीट लावलंय. ज्याचं त्यालाच द्यावं लागतं."

"मग चला," पप्पा म्हणाले.

आणि ते दोघं एका छत्रीत गल्ली ओलांडून गेले. पोस्टमननं कार्ड काकांच्या पुढ्यात ठेवलं आणि तो तिथून हलला. पप्पा उभे राहिले. हात जोडलेले होते, पण जे वाक्य त्यांनी रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत अख्ख्या गावाला म्हटलं होतं ते त्यांच्या तोंडातून निघेना. मी आमच्या दारात उभी होते, गल्ली एवढी अरुंद की सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकायला काहीच नव्हतं. काकांनी कार्ड उचललं, पालथं करून बघितलं, खाली ठेवलं. वर न बघता म्हणाले, "दादा, तुमच्याकडं पाऊस कसाय?"

पप्पांनी मागं वळून आमच्या दुकानाकडे बघितलं. पत्र्यावरून तेच पाणी गळत होतं.

"हाय," ते म्हणाले. "बारीक बारीक."

काकांनी पायानं स्टूल पुढं सरकवलं. पप्पा बसले नाहीत.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "माझं डोकं दुखत न्हवतं."

"ठाव हाय मला," काका म्हणाले. "बसा."